वाळूच्या खंदकातील सोन्याची हकीकत

श्रीगणराय व कुलस्वामिनी यांस दंडवत. ज्यांनी डोळ्यांनी पाहिले त्यांच्या तोंडचे तेवढेच येथे लिहिले असे, मीठमसाला वाचणाऱ्याने आपल्या घरचा घालावा. शके १९४१, विकारीनाम संवत्सर, आश्विन शुद्ध दशमी.

ते समयी राज्याच्या थोरल्या बाईसाहेब सगुणाबाई यांस पुत्र रंभाजीराव यांचा मोठा जाच जाहला होता. चाळिशी उलटली, अंगात घोडा दमविण्याची ताकद, आणि बसणेउठणे आईच्या दिवाणखान्यात. न्याहारीस बसले की गाऱ्हाणे, "आईसाहेब, घाटावरचा गड मला कधी?" आणि दुपारी तोंडात विडा धरून पुन्हा तेच. राज्याचा रिवाज असा की, भाऊबंदांत तलवार निघू नये म्हणोन गडाची किल्लेदारी दसऱ्याच्या दिवशी गोल्फ नामे काठीचेंडूच्या खेळावर ठरावी. रंभाजीरावांनी दर साली हरावे, आणि मग घरी येऊन वाऱ्यास शिव्या द्याव्या, काठीस द्याव्या, एके साली तर गवतास दिल्या. तेव्हा बाईसाहेब म्हणाल्या, "गवताला काय रे, शत्रूनं लाच दिली?" सूनबाई गडावर आपली चूल मांडण्याची वाट पाहून सुकली, आणि बाईसाहेब वरून कितीही फटकारोत, पोर एकदाचे मार्गी लागावे हे त्यांच्याही मनी होते. त्या साली तर त्यांनी तांब्याची भांडी कल्हई करवून गडावर धाडण्यास बांधून ठेविली, आणि कोणी विचारले की म्हणत, "उंदीर फार झालेत म्हणून बांधली."

मग शिलंगण जाहले आणि मैदानावर लोकांनी आपट्याचे सोने एकमेकांस दिले आणि वारा सुटला तो सारे सोने उधळीत गेला. खेळ रंगला. शेवटच्या भोकाशी बाईसाहेबांचे पुतणे, गडाचे दुसरे दावेदार मानकोजीराव यांचा चेंडू आत जाऊन बसला, आणि रंभाजीरावांचा जवळच्या वाळूच्या खंदकात पडला, ज्यास विलायती लोक बंकर म्हणतात. हिशेब सोपा होता. रंभाजीरावांनी दोन फटक्यांत चेंडू भोकात घातला तर गड त्यांचा, तिसरा लागला तर मानकोजींचा. खंदकात पाहतात तो चेंडूभोवती आपट्याची पाने पडलेली, आणि एक पान असे की त्याच्या दोन पाकळ्यांच्या बेचक्यात चेंडू टेकून बसलेला. पंच त्र्यंबकपंत हात वर करून ओरडले, "खबरदार! सोनं असो की शेण, वाळूत चेंडूपाशी पडल्या जिनसेस हात लावील त्यास दोन फटके दंड!" बाईसाहेब मांडवातून उठल्या, पदर खोचला आणि खंदकाच्या काठी येऊन उभ्या राहिल्या. "पंत, तो कायदा संक्रांतीआधीच मेला. नवा आला तो मी दोनदा वाचून घेतला, तुम्ही तेव्हा लोडाला टेकून घोरत होता. पान, काडी, खडा, मेलेला किडा, जे आपसूक सुटून पडलंय ते वाळूतही उचलावं. वाळू मात्र चाचपायची नाही. आणि उचलताना चेंडू हलला तर एक फटका दंड, चेंडू पुन्हा होता तिथे."

मानकोजीराव हसून म्हणाले, "काकीसाहेब, कायदा नवा, आणि पहिला लाभ घरच्यालाच?"

"तुझा चेंडू वाळूत पडला असता तर तुलाही हाच होता. नाही पडला, त्याचं दुःख करतोस होय रे मेल्या?"

लोक हसले आणि रंभाजीराव खंदकात उतरले. आता या राज्यात सोने उचलले की फेकू नये, दोन्ही हातांनी घ्यावे, कपाळी लावावे आणि वडीलधाऱ्यांच्या हाती द्यावे. दुसऱ्या मुलखीचा माणूस दोन बोटांनी पान चिमटून भिरकावता, पण रंभाजीरावांनी काठी बगलेत मारली आणि एकेक पान ओंजळीत घेऊन वर यावे, कोणा काकाच्या हाती द्यावे, नमस्कार करावा आणि पुन्हा उतरावे, ऐसे चालविले. पंतांनाही एक पान मिळाले आणि ते आशीर्वाद देण्यात गुंतले. शेवटी बेचक्यातले पान राहिले. तेही रंभाजीरावांनी दोन्ही हातांनी ओढले, आणि चेंडू अर्धे बोट घरंगळला आणि थांबला. मानकोजी भोकावरच्या निशाणाकडे पाहत होते, पंत धोतर सावरीत होते. पाहिले ते एकट्या बाईसाहेबांनी, आणि आई पाहते आहे हे रंभाजीरावांनी पाहिले. मग ते थेट वर आले, पान आईच्या हाती ठेविले, पायांवर डोके टेकले आणि हळूच म्हणाले, "आईसाहेब, सोनं घ्या. एवढंच वर्ष."

बाईसाहेबांचा हात पुत्राच्या पाठीवर गेला आणि तेथे अंमळ राहिला.

येणेप्रमाणे वाळूतील पानकाडी उचलण्याची मोकळीक या राज्यात त्या दिवशी रुजू जाहली, आणि पहिला दंडही त्याच दिवशी पडला. बाईसाहेबांनी पान कपाळी लाविले आणि मांडवाच्या टोकापर्यंत ऐकू जाईल ऐशा आवाजात बोलल्या, "रंभाजी, सोनं पावलं, औक्षवंत हो. पण चेंडू हलला. एक फटका दंड. होता तिथे ठेव, आणि आता वाळूतून थेट भोकात घाल. नाही जमलं तर गड मानकोजीचा. ऊठ."