दोघांचा बाक

आमच्या घरात मी ठरवीन तेच होतं! सासूबाई होत्या तोवरची गोष्ट वेगळी. त्या गेल्या आणि तेव्हापासून बेळगावजवळच्या काकतीतल्या आमच्या घरात मांजरसुद्धा मला विचारून आळस देतं. म्हणून अठ्ठ्याहत्तर साली जेव्हा मी ठरवलं की मास्तर निवडणुकीत पडले पाहिजेत, तेव्हा ते पडलेच असं धरून मी निवांत भाकऱ्या थापत बसले होते.

मास्तर म्हणजे आमचे हे. आता तुम्ही म्हणाल, ही कसली बायको, नवऱ्याच्या वाईटावर टपलेली! जरा दम खा. आधी ऐकून घ्या, मग काय नावं ठेवायची ती ठेवा.

मास्तरांनी पस्तीस वर्षं शाळा केली. शाळा सुटली की माणसं घरी जातात. मास्तर बोर्डिंगात जायचे. गोरगरिबांच्या पोरांनी शिकावं म्हणून त्यांनीच ते बोर्डिंग काढलेलं. रविवारी खांद्याला पिशवी अडकवून गावोगाव हिंडायचे. घरोघरच्या बायका रोज दळण काढताना मूठभर ज्वारी बोर्डिंगच्या नावानं गाडग्यात टाकायच्या, ती हे गोळा करून आणायचे. काकतीपासून सांबऱ्यापर्यंत एक उंबरा असा नव्हता जिथं मास्तर घटकाभर टेकले नाहीत. नव्हता कसा? होता की एक. आमचा!

मी तिसरीपर्यंत शिकलेली. लग्नात आबा म्हणाले होते, "मास्तर नवरा मिळालाय पोरी, पुढचं तोच शिकवंल." मास्तरांनी अख्ख्या मुलखाला शिकवलं आणि मी अजून तिसरीतच!

सत्त्याहत्तरच्या जूनमध्ये मास्तर रिटायर झाले. शाळेनं जुने बाक काढून टाकले होते, त्यातला एक मी मागून आणला आणि परसात शेवग्याखाली मांडला. बेत असा, की संध्याकाळी दोघांनी त्यावर बसायचं, चहा प्यायचा आणि बोलायचं. काय बोलायचं ते मी पस्तीस वर्षं लोणच्यासारखं मुरवून ठेवलं होतं. थोरलीच्या वेळच्या बाळंतपणापासून सुरुवात करणार होते. थोरलीला आता स्वतःची दोन आहेत!

त्या बाकाला एक खोड होती. पाय आत आणि फळी लांब. एकटं माणूस टोकाला बसलं की दुसरं टोक गाढवाच्या लाथेसारखं वर! पहिल्या दिवशी मी एकटीच बसून बघितलं, ती थेट अळवाच्या वाफ्यात. अंगाची माती झटकत म्हटलं, बरोबर आहे. हा बाक दोघांचाच आहे.

बोर्डिंगचा कारभार दुसऱ्याच्या हाती द्यायला मास्तरांना आणखी सहा महिने लागले. अखेर संक्रांतीला त्यांनी पिशवी खुंटीला लावली आणि म्हणाले, "उद्यापासून मोकळा."

दुसऱ्या दिवशी मी आलं ठेचून चहा ठेवला. चहाला उकळी फुटायला आणि टिळकवाडीतले वकीलसाहेब चार माणसं घेऊन दारात यायला एकच गाठ!

"गुरुजी, विधानसभेला उभं राहायचं! आपलं मराठी माणसांचं म्हणणं बेंगळूरला जाऊन मांडायला तुमच्यासारखा निर्मळ माणूस पाहिजे."

मास्तरांनी माझ्याकडं बघितलं. मी डोळ्यांनी 'न्हाई, न्हाई' म्हटलं. पण फळ्यावरचं सोडून दुसरं काही वाचलंय कधी ह्या माणसानं? म्हणाले, "घरची हरकत न्हाई."

माझा चहा त्या पाचजणांनी प्याला. बाकावर बसून!

बेंगळूर म्हणजे रात्रभराची आगगाडी. काकतीत असून जो नवरा मला सापडला नाही, तो बेंगळुरात कुठं सापडायचा? तिथंच ठरवलं. पाडायचे!

पहिल्या पहिल्यांदा मला काही करावंच लागलं नाही. मास्तरांना मत मागताच येईना! दारात उभे राहायचे, हात जोडायचे आणि तोंडातून शब्द फुटायचा नाही. आतून बायका ओरडायच्या, "अगं, गुरुजी आल्यात!" आणि सवयीनं गाडगं घेऊन बाहेर! मास्तर 'नको नको' म्हणेपर्यंत उपरण्यात ज्वारी. पहिल्या दिवशी मतं मागायला गेलेला माणूस दीड पायली ज्वारी घेऊन परत आला!

बापे तर त्याहून वरचढ. मास्तर गल्लीत शिरले की मिशीवाले बापे विड्या विझवून पसार. आमच्या शेजारचा नागोजी, पन्नाशीचा गडी, घरात सुना आलेल्या, तो वैरणीच्या गंजीमागं लपला. का, तर मास्तर सतराचा पाढा विचारतील!

लाउडस्पीकरवाला भरमू मास्तरांचाच जुना विद्यार्थी. प्रचाराचा टांगा त्याचाच. तो माझ्या दारात येऊन डोकं धरून बसला. "आक्का, गुरुजींचं डिपॉझिट जातंय बघा!"

मी त्याला शेंगा-गूळ दिला. वर आणखी एक ढेकूळ दिलं.

पण कच्चं काम करणारी बाई मी नव्हे. भरमूच्या बायकोनं, सोनुबाईनं, हळदीकुंकू केलं. अख्ख्या गल्लीच्या बायका जमल्या. सोनुबाईनं वाण माझ्या हातात न देता मागं धरलं. "आक्का, नाव घ्या! एवढा उमेदवार नवरा!"

मास्तरांचं नाव मी लग्नात घेतलं होतं तेवढंच. मनात म्हटलं, रुक्माबाई, हीच वेळ. ह्या माणसाचं घरातलं रूप सगळ्या बायकांपुढं उघडं करायचं. पदर सावरला आणि ठणकावलं:

"दोनशे पोरं जेवली, न्हाई कुणी उपाशी,
सत्याप्पारावांचं ताट निवलं माझ्यापाशी!"

मी मनात म्हटलं, लागला बाण! आता म्हणतील, काय मेला नवरा! बघते तर सोनुबाई डोळ्याला पदर लावून उभी.

"आक्का, असा देवमाणूस कुठं मिळायचा!"

"सोने, अगं मी गाऱ्हाणं सांगते!"

"तेच की वो! स्वतः जेवलं न्हाईत, पर पोरं उपाशी ठेवली न्हाईत!"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी भांडी घासत होते. वेशीपासून भरमूचा कर्णा केकाटला, "दोनशे पोरं जेवलीऽऽ!" माझ्या हातातलं पातेलं सुटलं. दुपारपर्यंत पाणवठ्यावर तेच. संध्याकाळी चावडीच्या भिंतीवर गेरूनं तेच! नळावर बायका मला म्हणायला लागल्या, "आक्का, काळजी करू नका, आमचं मत गुरुजींनाच!" माझं तोंड कारल्यासारखं झालं, तर म्हणाल्या, "बघा, किती दमल्यात प्रचार करून!"

आणि मग देव पावला. मारुतीराव माझ्या दारात आले! हे तंबाखूचे मोठे व्यापारी, मास्तरांच्या विरोधात उभे. दारात जीप, अंगाला अत्तराचा वास.

"वहिनी, तुमचं घरात लई हाल झाल्यात म्हणं. माझ्या सभेत येऊन बोलशीला?"

"माइक देशीला?"

"दोन देतो!"

मी ठेवणीतलं इरकल नेसले. जन्मात पहिल्यांदा जीपमध्ये बसले. बाजाराचा दिवस, माणसांचा हा समुद्र! माइक हातात आला तेव्हा आधी तो उलटाच धरला. पण एकदा तोंड उघडलं आणि पस्तीस वर्षांचं लोणचं बरणी फोडून बाहेर आलं.

"हा माणूस घरचा न्हाई! माझ्या पाटल्या मोडून ह्यांनी बोर्डिंगवर पत्रं घातलं. पाऊस पडला की ते छान वाजतंय म्हणं, मी अजून ऐकलं न्हाई! थोरली झाली तवा हे चाळीस पोरं घेऊन पटकीची लस टोचायला बेळगावला गेलते! धाकट्याच्या बारशाला आले ते आठ दिवसांनी, आणि विचारतात काय, ह्याला कुठल्या इयत्तेत घालायचं! मी आजारी पडले तर हे उशाला बसले. मला वाटलं, आज तरी बसले. तर मांडीवर वह्या! तपासत होते!"

माणसं हसायला लागली. मी आणखी चेवानं म्हटलं, "अशा माणसाला निवडून देऊ नका! ह्यांना बेंगळूरला धाडू नका! पस्तीस वर्षं तुम्ही सगळ्यांनी वापरलासा. आता उरलेला तरी..."

आणि काय झालं कोण जाणे, आवाजच फुटेना. दोन दोन माइक असून!

"...उरलेला तरी माझा मला द्या."

बाजारात तराजू धरलेले हात तसेच थांबले. मग कुठूनसा एक बापया ओरडला, "सत्याप्पा गुरुजी की..." आणि अख्खा बाजार म्हणाला, "जय!" सगळ्यात मोठ्यानं कोण म्हणालं? मारुतीरावांचा जीपवाला! तोही बोर्डिंगातच शिकलेला!

मारुतीरावांनी माझ्या हातातून माइक ओढून घेतला. जाताना जीप होती, येताना मी चालत. आणि वळून बघते तर मेथीच्या पेंड्या मांडलेल्या तिथं मास्तर उभे. हातात ज्वारीचं उपरणं. सगळं ऐकलेलं.

त्या दिवशी मास्तर ऊन उतरायच्या आत घरी आले. थेट परसात गेले आणि बाकाच्या एका टोकाला बसणार, तोच मी ओरडले, "अहो, थांबा! मलाबी संगंच बसू द्या, न्हाईतर अळवात जाशीला!"

मग दोघं एकदम बसलो. बाक कसा तराजूच्या दांडीसारखा सरळ! मधे चहाच्या दोन कपबश्या.

"एवढं सगळं मनात होतं, तर मला कधी सांगितलं न्हाईस?" मास्तर म्हणाले.

"तुम्हाला? घरात माइक कुठनं आणू?"

मास्तर हसले. किती वर्षांनी बघत होते मी! त्यांची मागची एक दाढ पडलेली, तेही मला तेव्हा कळलं.

"पडलो तर रोज बसू इथं," म्हणाले. "शपथ. आता सांग, थोरली झाली तवाचं सांग."

मी सांगायला लागले. कळा कधी सुरू झाल्या, सुईण कशी घसरून पडली, सगळं. मास्तर ऐकत होते, मांडीवर एकही वही नव्हती. थोरलीच्या बारशापर्यंत आले असेन, तेवढ्यात भरमू पळत आला. "गुरुजी, चला! सांबऱ्याची माणसं टांगा घेऊन आल्यात!"

मास्तर उठले. मी अळवात.

मतदानाच्या दिवशी मी शिक्का हातात घेऊन उभी राहिले, ती बाहेरच्या बायका खोकायला लागेपर्यंत. मारुतीरावांवर मारायचा हे पक्कं ठरवून गेले होते. मत गुप्त असतं, म्हणून कुठं मारला ते सांगणार नाही. एवढंच सांगते, की बाहेर आल्यावर माझा मलाच असा राग आला की दोन दिवस मी माझ्याशी बोलले नाही.

मास्तर निवडून आले. दणकून! गुलालात त्यांचं फक्त नाक दिसत होतं. मारुतीरावांनी मला कोपरापासून हात जोडले. "वहिनी, पुढच्या खेपेला तुम्ही घरीच बसा."

घरीच तर बसलेय. मास्तर बेंगळूरला असतात. पत्र येतं, मी एकेक अक्षर लावत वाचते. लिहितात, 'इथं जेवण वेळेवर मिळते.' बघा म्हणजे!

बाकाच्या त्यांच्या टोकाला मी पाटा ठेवलाय. वाटणाचा, दगडी. त्याशिवाय मला बसता येत नाही. संध्याकाळी चहा घेऊन बसते आणि थोरलीच्या बारशापासून पुढचं त्याला सांगते. पाटा मास्तरांपेक्षा बरा. मधेच उठून जात नाही.

शनिवारी मात्र मी तो उचलून आत नेते आणि आठवड्याची चटणी वाटून घेते. रविवारी मास्तर आले तर जागा रिकामी पाहिजे ना! नाही आले तर सोमवारी पाटा परत बाकावर.

आमच्या घरात मी ठरवीन तेच होतं, म्हटलं न्हवं!