अण्णांच्या पिंपातलं शेवाळ

अंबडला मे महिन्यात टँकर आला की आम्ही हंडे, कळश्या, अगदी कुकरसुद्धा भरून ठेवतो. आमचे शेजारी नामदेवअण्णा मात्र भरल्या पिंपात खडेमीठ ओततात. मग बोट बुडवून चाटतात, "फिक्कं हाये" म्हणतात आणि आणखी ओततात. हे बघून ज्याचं डोकं फिरत नाही, त्याला माझा नमस्कार.

अण्णा एस.टी.त कंट्रोलर होते. ते रिटायर झाले, आवाज अजून ड्यूटीवर आहे. गल्लीतल्या बायकांनी जाब विचारला तर गच्चीवरूनच गरजले, "माझ्या वाट्याचं पाणी हाये! त्याच्यापायी आंघोळ न्हाई करून राह्यलो मी! बिलकुल अक्कल न्हाई तुम्हाला!" आंघोळीचं सांगायची गरज नव्हती. वारा आमच्याच घराकडे होता.

तर त्या पिंपात समुद्री शेवाळ. त्याला ऊन सोसत नाही म्हणून घरातला एकुलता एक कूलर गच्चीवर, पिंपासमोर. अण्णा खाली पुठ्ठ्याने वारा घेतात. लग्नातही गप्प बसत नाहीत. आइस्क्रीमपाशी उभे राहून वऱ्हाडाला दम देतात, "हे घट्ट कशानं होतं? शेवाळाच्या अर्कानं! मोसंबीवर काय फवारता? शेवाळ! लॅबमधे बाटलीत केळीची रोपं कशावर वाढतात? शेवाळाच्या गरावर!" माझ्या पुतणीच्या लग्नात अर्ध्या लोकांनी कप तसेच टाकले. मला इतका संताप आला की महिनाभर मी त्यांच्याशी बोललो नाही.

आणि याच माणसाने शेवाळापायी पोटची पोरगी घालवली होती. वैशालीला जालन्यात एमआयडीसीत बियाण्याच्या कंपनीत नोकरी मिळत होती. ती निघाली तमिळनाडूच्या किनाऱ्यावर, शेवाळ लावणाऱ्या लॅबमधे. "शेवाळ खरडायला शिकवलं का तुला?" हे अख्ख्या गल्लीने ऐकलं. ती गेली ती परत आलीच नाही. मैत्रिणीबरोबर ओल्या फडक्यात एक झुपका पाठवला आणि निरोप दिला, जगवून दाखवा. तेव्हापासून बापलेक फोनवर फक्त शेवाळाबद्दल बोलतात. तब्येत कशी, जेवलीस का, काही नाही. दोघांचाही मला राग येतो.

परवा टँकर आलाच नाही. आमच्या घरात प्यायला पाणी नाही, आणि वर पिंपात पाणी ओतल्याचा आवाज! पिंप लाथेने उलथायचं ठरवूनच मी जिना चढलो. झाकण काढलं. आत शेवाळ नव्हतं. तळाला पांढरा, लिबलिबीत चोथा होता.

"कवाच मेलं ते," अण्णा मागून खेकसले.

"मंग मीठ कामून घालता?"

"पोरगी रोज विचारती, मीठ घातलं का. खोटं सांगू तिला?"

तेवढ्यात फोन वाजला. अण्णांना कमी ऐकू येतं, म्हणून स्पीकर चालूच.

"कसंय शेवाळ?" वैशालीने विचारलं.

"मीठ घातलं. हवेचा पंप चालू हाये. कूलर चालू हाये."

"मंग आज फोटो पाठवा."

अण्णांनी पिंपाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि ओरडले, "फोटो-बिटो काही न्हाई! पाह्यचं असंल तं घरी ये!"

मग वैशाली म्हणाली, "येऊ का, अण्णा?"

अण्णांनी फोन माझ्या हातात कोंबला आणि तोंड फिरवून उभे राहिले.

शेवटी मीच ओरडलो, "ये पोरी. जल्दी ये."