तुळशीरामकाकांचं कच्चं वरण

तुळशीरामकाका आयुष्यभर लाइनमन होते आणि निवृत्त झाल्यावर त्यांनी पहिलं काम काय केलं असेल, तर स्वतःच्या घराची वीज तोडली. "लोकायच्या घरी उजेड नेता नेता खांबावर जिंदगी गेली. आता त्या वरच्या लाइनमनची ड्युटी," असं म्हणून ते सूर्याकडे बोट दाखवत.

किन्हीराजा गावात त्यांचं घर माझ्या भिंतीला लागून. अंगणात सूर्यचूल, म्हणजे काळी पेटी, वर काच, झाकणाला आरसा. कंदील सौर, रेडिओही सौर. ऐकणारा सापडला की इतिहास सुरू. "दोन-अडीचशे वर्षं झाली भाऊ, परदेशात एकानं काचेच्या पेटीत ऊन कोंडून फळं शिजोली. मंग दुसऱ्यानं उन्हाच्या वाफेवर छापखाना चालोला. अन् तू अजून सिलिंडरची वाट पाहून राह्यला."

एवढ्या पंडिताचं वरण मात्र कायम कच्चं. डाळ दाताखाली कचकचायची. माझी बायको म्हणायची, सूर्यालाच यांचा कंटाळा आला असेल.

पण त्यांच्या आतल्या खोलीचा विषय निघाला की कोणी हसत नसे. काकू वारल्यापासून ती रिकामी होती, आणि तरी दुपारी तिथं उजेड हलायचा. खोलीच्या गल्लीकडच्या झरोक्यातून तो दिसायचा. बाया तिथून झपाझप निघून जायच्या. समोरच्या शांताबाईंनी तर काकांचं बोलणंही ऐकलं होतं, "पाय झाले. आता तोंडावर घे."

मी माडी चढवायला काढली, तेव्हा काका पहिल्यांदाच इतिहास न सांगता आले.

"भाऊ, तुह्या माडीची सावली माह्या अंगणात किती वेळ राहीन?"

"हिवाळ्यात दुपारभर राहीन, काका. मी गॅस घेऊन देतो तुमाले."

"शिजवाचं नाही रे," म्हणाले आणि गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी भाजीची वाटी घेऊन त्यांच्याकडे गेलो. सगळं गाव तूर सोंगायला शेतात, गल्लीत कुत्रंही नव्हतं. अंगणात चुलीतली डाळ गारच होती. आरसा तिच्याकडे नव्हताच, तो आतल्या खोलीच्या खिडकीकडे वळवलेला होता.

मी दारातून डोकावलो. रिकाम्या खाटेवर धुतलेली चादर आणि उशीवर ताटाएवढं ऊन. ते हळूहळू उशीवरून उतरत होतं.

"सरकलं का तोंडावरून? थांब, आलो," कोपऱ्यातल्या अंधारातून आवाज आला. काका माझ्याशी बोलत नव्हते. ते उठले, अंगणात गेले, आरसा जरासा फिरवला. ऊन पुन्हा उशीवर आलं.

शेवटच्या हिवाळ्यात काकू अर्धांगवायूनं खाटेवरच होत्या. "तिले ऊन लई आवडे. खाट बाहेर निघे ना, मंग ऊनच आत नेलं."

"पण आता काहून, काका?"

"एक दिवस नेलं नाही. रातभर वाटलं, थंडीत पडून हाये बिचारी."

मी तिथंच बसून त्यांचं कच्चं वरण खाल्लं.

संध्याकाळी मिस्त्रीला सांगितलं, माडी मागच्या अंगाला घे, कडुलिंबाच्या सावलीत.

"तिकडं तुमच्या खोलीत ऊन नाही येणार, भाऊ."

"चालते," मी म्हणालो.