बारकूकाकांचा डोक्याचा दिवस

दुखणं यायचंय उद्या आणि माणूस तयारीला लागतो आज, असं कुठे पाहिलंय? मग आमच्या सापगावात या. शेजारच्या बारकूकाकांची अर्धशिशी आधी सांगून येते. ‘उद्या माझा डोक्याचा दिस हाय गो,’ असं ते कुंपणावरून मला कळवतात. सूर असा, की वाटावं घरी सत्यनारायण आहे.

मग काका कामाला लागतात. खिडक्यांना गोणपाट ठोकायचे, दारांच्या बिजागऱ्यांना खोबरेल. कोंबडा टोपलीखाली घालून संध्याकाळीच माझ्या घरी, म्हणजे पहाटे आरवून डोकं उठवायचं ते माझं! फोडणी बंद, सुकट भाजणं बंद, मोबाइल गोधडीत गुंडाळलेला. शहापूरच्या डॉक्टरांच्या गोळ्या, ओला फडका आणि ओकारी आली तर घमेलं, सगळं उशाशी. काकी कपाळावर हात मारून घेते. ‘बाळंतिणीची खोली बी एवढी कोण सजवत नाय!’

जवळ बसायला मात्र काकी चालत नाही, सून लागते. ‘तुझ्या बांगड्या वाजतात,’ काका म्हणतात. ‘वैशाली गप बसते.’ वैशाली तिकडची, मुरबाडची, सिद्धगडाच्या पायथ्याची. कामाला वाघ, पण तोंडातून शब्द फुटेल तर शपथ. नवरा पहाटेच कारखान्यात जातो तो रात्री उगवतो.

आता माझा गोंधळ ऐका. एकदा मी विचारपूस करायला गेले. ‘काका, आज कुठची बाजू दुखते?’ तर म्हणतात, ‘थांब, इचारून सांगतो,’ आणि गेले की आत! अहो, डोकं स्वतःचं आणि विचारायचं कुणाला? दुसऱ्या खेपेला हा आजारी माणूस डोक्याला फडका बांधून मागच्या दारी भर उन्हात भाकरी, बोंबील आणि फोडलेला कांदा हाणत होता. कुत्रं भुंकलं तर धोतर सावरत त्याच्यामागे बांधापर्यंत धावला. दुखणं मस्तकात भिनलं की काय, मला काही केल्या उमगेना.

यंदा तर कहरच. भाताची झोडणी, खळ्यावर माणसं आलेली आणि नेमकं त्याच दिवशी काकांचं डोकं. काकी भडकली. ‘माणसं राबतात न हा निजतो! वर सुनेला बी अडकवून ठेवलंय!’ मलाही राग आला. काकांना चार शब्द सुनवायचेच, असं ठरवून मी मागच्या दारानं आत शिरले.

खाटेवर वैशाली होती. डोळ्यांवर ओला फडका, घमेलं तिच्या उशाशी. काका उंबऱ्यावर, तिच्याकडे पाठ करून बसलेले. हात मागे करून पुठ्ठ्यानं वारा घालत होते.

‘बोंबलू नको,’ ते पुटपुटले.

‘म्हणजे डोकं हिचं दुखतं?’

‘लग्न झाल्यापास्नं. आदल्या दिशी जांभया देते, ट्यूबखाली कपाळावर हात धरते. मला कळतं.’

‘अहो, मग काकीला सांगायचं ना सरळ!’

‘पोरीनं सांगितलेलं. तुझी काकी म्हणाली, नखरे हायेत, डोकं घेऊन माहेरी जा. पिशवी भरून बसलेली गो पोर. झोडणीच्या दिशी सून निजली तर अख्खा गाव बोलतो. म्हातारा निजला तर कोण काय बोलतं?’

मी वैशालीच्या डोळ्यांवरचा फडका उलटून ठेवला.

‘माझ्या आयचं डोकं असंच धरायचं,’ काका म्हणाले. ‘लावणीला बांधावर बसून ओकायची. आजी म्हणायची, ढोंगी हाय. आमी पोरं हसायचो. मी लय हसायचो गो.’ त्यांचा वारा घालणारा हात मात्र थांबला नाही.

तेवढ्यात खळ्यावरून काकी कडाडली, ‘अवो, उठताय का नाय?’

वैशाली कण्हली. काका दचकून माझ्याकडे बघू लागले. ओरडून उत्तर द्यायची सोय नव्हती.

मी ओटीवर गेले आणि तोंडावर बोट ठेवून काकीला म्हटलं, ‘हळू बोला ओ काकी. त्यांचं आज लय दुखतंय. नाय उठवायचं.’