बुद्धिबळाची ढाल मोरेश्वरपंतांस कैसी प्राप्त जाली

श्री. सर्वांचा वेळ जो मोजितो आणि कोणास हिशेब दाखवीत नाहीं, त्या काळपुरुषास वंदन करून लिहावयास आरंभ केला. शके १९४१, विकारीनाम संवत्सरीं, पौष मासीं एका राज्यांत, नांव सांगण्याचें प्रयोजन नाहीं, बुद्धिबळाचा थोर दरबार भरला आणि मोरेश्वरपंत आठल्ये स्वारी करून आले. पंत विद्यापीठीं नीतिशास्त्र सांगत. विद्या मोठी, खेळ त्याहून मोठा, परंतु एकेका खेळीस विचार इतका करीत कीं डाव जिंकत आणावा आणि वेळ संपून हरावा, ऐसें वर्षानुवर्षें चालिलें. ढाल दरसाल दुसऱ्याचे घरीं जाई आणि पंत टाळ्या वाजवून परतत. यंदा दृष्टि मंदावली होती, म्हणोन पंतांनीं मनीं धरिलें कीं या खेपेस ढाल न मिळाली तर मिळालीच नाहीं. मग अखेरचे डावास समोर कोण यावे, तर सुदामराव तिकोने, पेठेंतील औषधविक्रेते, पंतांचे जिवलग. जो जिंकेल त्याची ढाल.

तिकोने बसतां बसतां बोलिले, "पंत, आज विचार जरा बेतानं. मागल्या खेपेस तुम्ही एक प्यादं ढकलेपर्यंत मी डबा खाऊन हात धुऊन आलो."

पंत म्हणाले, "विचाराला वेळ लागतोच, सुदामराव."

"लागतो हो. पण तुमचा विचार जावयासारखा मुक्कामालाच राहतो."

मग युद्ध पेटलें आणि पंतांचा हत्ती पडला, उंट कोंडला, राजा उघड्यावर आला आणि हार समोर दिसूं लागली. तिकोन्यांचाही वेळ थोडकाच उरला होता. तों त्यांनीं घोडा उडवून शह दिला आणि आनंदाचे भरांत घड्याळाची कळ दाबावयाची विसरले. रीत ऐसी कीं खेळी करून कळ दाबावी, म्हणजे आपला वेळ थांबतो आणि समोरच्याचा चालतो. न दाबिली तर आपलाच सरत जातो. तिकोने निवांत चष्मा पुसत बसले, कारण पंत विचारांत गेले म्हणजे लवकर बाहेर येत नाहींत, हें राज्यांत सर्वांस ठाऊक.

पंतांनीं मात्र घड्याळ पाहिलें. आणि मनीं म्हणाले, सांगावें काय? नियमांत सांगण्याचें बंधन नाहीं. परंतु न सांगणें हें कांहीं न करणें, कीं तेंही एक करणें? हाच प्रश्न मागील परीक्षेंत विद्यार्थ्यांस घातला होता, आणि एकाचेंही उत्तर पसंतीस उतरलें नव्हतें. मग पंतांनीं पूर्वपक्ष मांडिला, त्याचें खंडन केलें, खंडनांत दोष काढिला आणि नवा पक्ष उभा केला. इकडे आपण विचार करितों तों मित्राचा वेळ जातो, हेंही त्यांस दिसत होतें. मग त्याचाही विचार करणें प्राप्त जालें. शेवटीं सिद्धान्त ठरला कीं सांगावें, आणि पंतांनीं तोंड उघडिलें, तों पंच येऊन म्हणाले, "तिकोनेसाहेब, वेळ संपला तुमचा."

पंत घाईनें म्हणाले, "अहो, मी सांगणारच होतो! हा डाव धरू नका."

पंच म्हणाले, "सर, नियमात बसतंय सगळं. निकाल लागला."

तिकोन्यांनीं घड्याळ पाहिलें, पंतांस पाहिलें आणि हळूच पुसिलें, "तुमच्या ध्यानात कधी आलं?"

"सांगणार होतो हो, आत्ताच."

"ते नाही विचारलं. कधी पाहिलंत?"

पंत उत्तर जुळवूं लागले. तिकोने चष्मा खिशांत घालून उठले आणि बोलिले, "करा, सावकाश विचार करा. आता कुणाचंच घड्याळ चालू नाही."

येणेंप्रमाणें ढाल पंतांचे घरीं आली. नियम एकही मोडला नाहीं, खोटें कोणी बोलिलें नाहीं, तक्रार कोणी केली नाहीं. तिकोने मात्र पंतांसमोर पुन्हा खेळावयास बसले नाहींत. हकीकत जैसी जाली तैसी लिहिली असे.