बिराजदारबाईंची वांगी

बिराजदारबाईंनी एक अख्खं वर्ष बाजारातून भाजी विकत आणली नाही. नवस नव्हता, पथ्य नव्हतं, पैशाची अडचण तर नव्हतीच. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये त्या ऑपरेटर होत्या, पगार माझ्यापेक्षा बरा होता आणि घरात खाणारं तोंड एकच. तरी त्यातले बरेच महिने त्या पिठलं, आमटी, उसळ आणि शेंगाचटणीवर राहिल्या. कुणी समजूत घालायला गेलं की म्हणत, "बेडा म्हणजे बेडा."

बेडा म्हणजे नको. बाई मूळच्या अक्कलकोटच्या. एरवी मराठी अगदी आपल्यासारखं बोलत, पण नकार द्यायचा झाला की त्यांना कानडीच लागे. मराठीतल्या 'नको'त त्यांना दम वाटत नसे. 'नको' म्हटलं की लोक पुन्हा आग्रह करतात, 'बेडा' म्हटलं की गप्प बसतात, असा त्यांचा अनुभव होता.

तेव्हा आम्ही सोलापुरात एका बैठ्या घराच्या निम्म्या भागात भाड्याने राहत होतो. मी शाळेत मास्तर, बायको नलिनी. उरलेल्या निम्म्यात बाई. मागे दोघांची दोन परसं आणि मध्ये कमरेएवढी भिंत. बाई पंचेचाळिशीच्या पुढच्या, उंच, काटक. लग्न केलेलं नव्हतं. घरी आवाज असा खडा, की दूधवाला पाणी घालताना दोनदा विचार करी. फोनवर मात्र मध. एकदा मी पोस्टातून पुण्याला ट्रंक कॉल लावला होता. पलीकडून इतका गोड आवाज आला की मी जरा सावरूनच नंबर सांगितला. त्यावर तो गोड आवाज एकदम बदलून म्हणाला, "मास्तर, मीच आहे. तुमची छत्री माझ्या ओट्यावर राहिलीय."

तर भाजीचं असं झालं. संक्रांत नुकतीच झाली होती. बाई ड्यूटीवरून येताना मंडईत शिरल्या आणि एका भाजीवाल्याच्या ढिगातून एक वांगं निवडून त्यांनी पुढे केलं.

"एकच?" तो म्हणाला. "बाई, एका वांग्यासाठी तराजू उचलायचा व्हय? घरात किती मानसं हायत?"

"मी आहे."

"मग मेस लावा की. तुमचा बी तरास वाचंल, आमचा बी."

आजूबाजूच्या चार बायका हसल्या. बाईंनी वांगं जिथून उचललं होतं तिथेच नीट ठेवलं, 'बेडा' म्हणाल्या आणि घरी आल्या. संध्याकाळी भिंतीपलीकडून आवाज आला, "मास्तर, कुदळ आहे का?"

कुदळ मी दिली. चालवायलाही येतो म्हणालो. त्यावर काय उत्तर आलं ते सांगायला नको.

आमच्या दोन्ही परसांत माती नव्हतीच, नुसता मुरूम होता. पहिल्याच घावाला कुदळ टणकन उडाली. बाई पदर खोचून आठवडाभर खणत होत्या. हाताला फोड आले, त्यांवर चिंध्या बांधून त्या एक्स्चेंजमध्ये वायरी खुपसत बसल्या. मग होटगीकडून एक बैलगाडीभर काळी माती आणि शेणखत आणवलं. गाडीवान माती ओतताना म्हणाला, "बाई, हितं काय न्हाय यायचं. खाली समदा खडक हाय."

"तुम्ही ओता," बाई म्हणाल्या.

शेती म्हणजे काय हे बाईंना ठाऊक नव्हतं. घराणं कापडाच्या दुकानाचं. मेथी त्यांनी इतकी दाट पेरली की वर आली ती गवतासारखी आणि तीन बोटांवर पिवळी पडली. टोमॅटोची रोपं शेजारच्या गल्लीतल्या शेळीने खाल्ली. बाईंनी बाभळीच्या फांद्या आणून कुंपण केलं. त्यात शेळी अडकली नाही, बाईच अडकल्या. नलिनीने कात्रीने पदर सोडवला तेव्हा त्या म्हणत होत्या, "लाइन लागायला वेळ लागतो. आपण फोन खाली ठेवायचा नाही."

नलिनीचा जीव तुटायचा. एके दिवशी तिने वाटीभर घेवड्याची भाजी नेऊन दिली.

"विकतची?" बाईंनी विचारलं.

"नाही हो. माळशिरसला माझ्या भावाचं शेत आहे ना, त्याने पाठवली. सकाळीच फोन आला होता त्याचा, भाजी निघाली म्हणून."

बाईंनी वाटी तशीच परत दिली. "नलिनी, माळशिरसची लाइन परवापासून बंद आहे. आणि तुमच्याकडे फोन नाही."

उन्हाळा आला. नळाला पाणी सकाळी तासभर, तेही करंगळीएवढं. दुष्काळ नुकताच मागे पडला होता, त्यामुळे झाडाला पाणी घालणं म्हणजे लोकांच्या डोळ्यांवर येणं. बाईंनी लोकांना बोलायला जागा ठेवली नाही. डाळ-तांदळाचं धुणवण झाडांना. आंघोळीचं पाणी झाडांना. साबणाने रोपं मरतात असं कुणीतरी सांगितल्यावर त्यांनी साबण सोडला आणि बेसन लावून आंघोळ करू लागल्या. एक्स्चेंजमधल्या मुली म्हणे विचारायच्या, "बाई, आज भजी केली होती का?" एवढं करूनही मेच्या अखेरीस वाफ्यात उभं राहिलं ते फक्त बाभळीचं कुंपण. गल्लीत सगळ्यांनी आता हे संपलं असं धरलं. मीही धरलं.

आषाढात बाई रजा काढून एस.टी.ने मंद्रूपच्या आठवडी बाजाराला गेल्या आणि ओल्या फडक्यात गुंडाळलेली वांग्याची रोपं मांडीवर घेऊन परत आल्या. भाजी विकत घ्यायची नाही असं ठरलं होतं, रोपांचं नव्हतं, असं त्यांनी आम्ही न विचारताच सांगितलं. या वेळी त्यांनी रोपं लांब लांब लावली. मावा पडला तेव्हा आमच्या बंबातली राख मागून नेली आणि एकेका पानावर धुरळली. रोपं धरली. गणपतीच्या सुमारास जांभळी फुलं आली, आणि नेमकी तेव्हाच बाईंना बढती आली. सुपरवायझर. पुण्याला.

बाईंनी बढती नाकारली.

त्यांचे साहेब स्वतः घरी आले. बाईंनी मला साक्षीला म्हणून बोलावून घेतलं. आम्ही परसात उभे, बाईंच्या हातात तांब्या.

साहेब म्हणाले, "बाई, पुण्यासाठी लोक वशिले लावतात. तुमची अडचण तरी काय आहे?"

"फुलं लागलीत, साहेब."

"कसली?"

"वांग्याची."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी वांग्यांकडे पाहिलं.

"वांगी पुण्यात मिळतात, बाई."

"मिळत असतील."

"हे मी वर काय म्हणून कळवू?"

"घरगुती अडचण म्हणून कळवा. खोटं नाही ते."

साहेबांनी परत एकदा समजावून पाहिलं, मग बुटाचा चिखल पायरीवर घासून ते निघून गेले. बाईंच्या हाताखाली शिकलेली एक मुलगी सुपरवायझर होऊन पुण्याला गेली. तिला निरोप द्यायला बाई स्टेशनवर गेल्या होत्या. गल्लीत मात्र बाईंचं डोकं फिरलंय यावर आता एकमत झालं.

दसऱ्याआधी एका रविवारी दुपारी बाई पातेलं घेऊन आमच्याकडे आल्या. आपल्या घराचा उंबरा ओलांडून आमच्याकडे जेवायला बसायची ही त्यांची पहिलीच वेळ. शेंगदाण्याचं कूट भरलेली वांगी होती. नलिनीने भाकरी केल्या. पहिला घास घेतल्यावर आम्ही दोघं एकमेकांकडे पाहत राहिलो.

"जराशी जून झालीत का, बाई?" नलिनी भीत भीत म्हणाली.

"झालीत. तोडवेनात," बाई म्हणाल्या आणि दुसरं वांगं वाढून घेतलं.

जेवता जेवता नलिनीने शेवटी विचारलंच. बाई, रागावू नका, पण भाजीवाल्याची जिरवायची म्हणून पुणं सोडलंत?

बाईंनी भाकरीचा तुकडा मोडला.

"भाजीवाल्याचं तोंडसुद्धा आठवत नाही आता," त्या म्हणाल्या. "अगं, अक्कलकोटला गेले की भाऊ म्हणतात, आलीस का. निघाले की म्हणतात, निघालीस का. दोन्ही वेळेला आवाज सारखाच. वाईट नाहीत ते. एक्स्चेंजमध्येही तसंच, एक उठली की खुर्चीत दुसरी बसते. मी घरी वेळेवर आले काय, उशिरा आले काय, कुणाचं काही अडलेलं मला आठवत नाही. उन्हाळ्यात एकदा माझी डबल ड्यूटी झाली. आले तर सगळ्या रोपांनी माना टाकलेल्या. मी पाणी घातलं आणि तिथेच बसले. हळूहळू एकेक मान वर आली. मेली ती नंतर, पण त्या दिवशी उठली." त्यांनी आमटीची वाटी पुढे ओढली. "आता हे सोडून मी पुण्याला जाऊन काय करू?"

 नलिनीने त्यांच्या ताटात आणखी अर्धी भाकरी वाढली. 'बेडा' येईल म्हणून मी वाट पाहिली, पण बाईंनी ती मुकाट्याने घेतली.

भाकरी अर्धी संपली असेल नसेल, त्यांनी खिडकीतून बाहेर पाहिलं. ऊन भिंतीवरून उतरलं होतं. बाईंनी घाईने उरलेला घास संपवला, हात धुतला, आणि हात धुतलेलं पाणी सांडू न देता तसंच तांब्यात धरून त्या मागच्या दाराने गेल्या.