याकोब मास्तरांची खिडकी

सुजाता, राहुल, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, आजी, परसात भिंतीला टेकवलेली ती हिरवी खिडकी कुणाची? मी विषय बदलला. पण उटनूरात हे सांगू शकणारी आता मीच उरले आहे, म्हणून लिहून ठेवते.

ती याकोब मास्तरांची. मिशनच्या शाळेतून रिटायर झालेले, आमच्या समोर राहायचे. सरकारी जीपचा आवाज आला की खिडकी लावून घ्यायचे. तहसीलदार असो, आमदार असो, की मलेरियाच्या फवारणीचा साहेब, धाडकन खिडकी बंद, आणि आतून आवाज, "आला थो."

'थो' म्हणजे 'तो', ख्रिस्तविरोधी. शेवटच्या काळात तो येईल, जगावर राज्य करील आणि माणसांच्या उजव्या हातावर किंवा कपाळावर आपली खूण मारील, असं त्यांच्या बायबलात आहे. मास्तरांच्या मते तो केव्हाच आला होता आणि सोयीनं पक्ष बदलत होता. "त्याले शिंगं नसतात, बाई," ते मला सांगत. "थो हसत येते. दोन्ही बाजूले हात जोडते. म्हनून तं कोनाले वळखू येत नाही."

म्हणून ते मत देत नसत, आणि आमच्या बौद्ध घरात मत न देणं म्हणजे वाडवडिलांचा अपमान. त्यावरून आमचं नेहमी वाजायचं.

गंमत म्हणजे मतदानाला जाणं ते कधी चुकवत नसत. शाळेतल्या केंद्रावर माझी ड्यूटी असायची. इस्त्रीचा सदरा घालून ते रांगेत उभे राहायचे, नाव सांगायचे, आणि शाईची काडी पुढे आली की हात मागे. शाई नाही तर मतपत्रिका नाही. "मंग राहू द्या," म्हणत तृप्त होऊन घरी. एकदा आमचा शिपाई म्हणाला, "मास्तर, तुमच्या पुस्तकात उजवा हात हाय ना? आमी डाव्याले लावतो."

"थो काय येडा हाय?" मास्तर म्हणाले. "लिहून ठेवलं तिथंच मारन का?"

बायको लवकर गेलेली. एकच मुलगा, सुधाकर. त्याच्या डब्यातल्या भाकरीचे तुकडे मास्तर स्वतः करून द्यायचे, अगदी तो दहावीत जाईपर्यंत. मुलं त्याला चिडवायची. हाच सुधाकर पुढे मंडळाच्या, म्हणजे इकडच्या तालुक्याच्या, अध्यक्षपदाला उभा राहिला. आधी पुढाऱ्यांच्या मागे फिरणं, मग हार, मग घरी जेवायला येणंच बंद.

मतदानाच्या दिवशी मास्तर आले. काडी पुढे आली आणि त्यांनी हात मागे घेतला नाही. इंजेक्शन घेताना पोरं मिटतात तसे डोळे तेवढे मिटले. रांगेत कुणीतरी म्हणालं, शेवटी बापच तो.

संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेले तर ते नखावर लिंबू घासत बसलेले.

"पोरासाठी नेम मोडलात ना?"

"त्याच्यासाठीच. त्याच्या इरोधात टाकलं, बाई."

ते घासतच राहिले.

"हारला तं जेवाले घरी येईन."

सुधाकर जिंकला. मिरवणूक आमच्याच गल्लीतून आली. जीपचा आवाज आला तशी सगळ्यांनी मास्तरांच्या खिडकीकडे पाहिलं. ती उघडी होती. मास्तर इस्त्रीच्या सदऱ्यात उभे. मागे टेबलावर ताट, आणि ताटात भाकरीचे तुकडे करून ठेवलेले.

जीप थांबली नाही. सुधाकर हारांमधून हसला. दोन्ही बाजूंना हात जोडले, इकडे मला, तिकडे बापाला, अगदी सारखेच.

मास्तरांनीही हात जोडले. बोटावरची शाई अजून गेली नव्हती.

सुधाकर हैदराबादचाच झाला. मास्तरांनी ती खिडकी पुन्हा कधी लावली नाही, उन्हात नाही, पावसात नाही. ते गेले, आणि नंतर घरही रस्ता रुंद करताना पाडलं. रस्त्याच्या कोनशिलेवर सुधाकरचं नाव आहे. पाडणाऱ्यांकडून मी खिडकी चौकटीसकट मागून घेतली.

काच शाबूत आहे, हिरवा रंगही बराच टिकलाय. बिजागऱ्या गंजल्यात. ती आता लागत नाही.